घरात माणसं किती

६ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला म्हणून विचारशील, तर सांगण्यासारखं कारण नाही. एकटीच्या घरात काम कमी असतं आणि ते काही केल्या उरकत नाही. सकाळी कपबशी विसळायला घेते आणि बघता बघता दुपार होते.

तुझ्या कानांचं वाचून वाईट वाटलं. डावा गेला तोवर ठीक होतं, पण आता उजवाही गेला म्हणतेस. नवीन यंत्र लावून नुसती घरघर ऐकू येत असेल तर काय उपयोग? आणि एवढ्या पोरींच्या वसतिगृहात बाईंना ऐकू येत नाही म्हटल्यावर पोरींची चंगळच असेल. मार्चमध्ये तू निवृत्त होणार, हे मला अजून खरं वाटत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. साठीला आलीस तरी मला बेबीच.

इकडचं विचारशील तर थंडी पडली आहे. समोरची बेकरी आता उशिरा उघडते. तुझ्या दादाने बसवलेला गीझर खालून ठिबकायला लागलाय, म्हणून बादली ठेवलीय. थेंब पडल्याचा आवाज घरभर येतो. खरं सांगू, मला तो बरा वाटतो. आपल्याशिवाय घरात कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं.

बाकी तब्येत ठीक. फक्त उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, त्याही सकाळी आंघोळीच्या वेळी. डॉक्टर म्हणाले, वय झालं की नसा कुरकुरतात, त्यात थंडी. गोळ्या दिल्यात. अजून तरी फरक नाही. काल नळ बंद करताना कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. म्हातारपण असं बोटांतून शिरतं हे मला ठाऊक नव्हतं.

पत्र लिही. मोठं लिही.

तुझी
वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर. हे वाचत असशील तर आधी ऊठ, मेनस्विच पाड आणि मग खुर्चीत बसून पुढचं वाच.

पाडलास? आता सांग, स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात का? कपडे वाळत घालताना येतात का? येत नसणार. त्या तुझ्या नसांच्या मुंग्या नाहीत, गीझरचा करंट पाण्यात उतरलाय. इथे दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी अशीच म्हणत होती, बाई, नळ चावतो. आम्ही हसलो. मग वायरमन आला आणि त्याने बघितल्यावर कुणी हसलं नाही.

पत्र पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे, म्हणून आत्ताच ऑफिसातून तुला फोन केला. पलीकडून कुणी उचलला की नाही, हेही मला कळलं नाही. कानात नुसता गाळ बसल्यासारखा आवाज. तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलले आणि ठेवला. तू उचलला असशील तर बरं. नसशील, तर मी एका रिकाम्या घंटीला दम देत होते.

चांगला वायरमन बोलाव. तोवर गार पाण्याने तोंड धू आणि आंघोळीची गोळी घे. उलट टपाली कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मला चैन पडणार नाही.

बेबी


१६ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

मी जिवंत आहे. फोन मीच उचलला होता.

तू म्हणालीस, "वहिनी, गीझरला हात लावू नकोस, मेनस्विच पाड." मी म्हटलं, "हो." तू पुन्हा म्हणालीस, "मेनस्विच पाड." मी म्हटलं, "अगं हो, पाडते, तू कशी आहेस?" त्यावर तू आणखी मोठ्याने म्हणालीस, "मेनस्विच." मग ठेवलास. मी हातात रिसीव्हर धरून बराच वेळ बसले होते. तुझा आवाज केवढ्या दिवसांनी ऐकला. पुढे एखादं वाक्य बोलली असतीस तर बरं झालं असतं, पण बोलणार तरी कशी, तुला माझं 'हो'च पोचत नव्हतं.

मेनस्विच पाडला आणि दुसऱ्या दिवशी गीझरवाल्याला बोलावलं. बेकरीवालीने सुचवलेला माणूस आहे, वायरिंगही करतो आणि नळाचं कामही. जाडा आहे, पण स्टुलावर मांजरीसारखा चढतो. काम करताना स्क्रूंशी बोलतो. "ये बाबा, ये बाहेर, किती वर्षं बसणार," असं एका स्क्रूला म्हणत होता.

त्याने स्विच थोडा वेळ चालू केला आणि नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला. तो स्विच पाडून खाली उतरला.

"बाई, तुम्ही या नळाखाली आंघोळ करत होता?"

"रोज."

"पायात काय असतं?"

मी म्हटलं, फरशी गार लागते म्हणून रबरी सपाता घालते. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. म्हणाला, "त्या सपाता टाकू नका कधी." मग त्याने चहा मागितला. मी केला.

आतली कॉइल फाटली आहे, टाकी गंजून तळाला चिरली आहे. दुरुस्तीत अर्थ नाही, नवीनच बसवावा लागेल. त्याने आणखी एकदोन गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. सध्या पातेल्यात पाणी तापवते आणि अर्ध्या बादलीत भागवते.

डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. बोटं अगदी बरी आहेत. नसा कुरकुरत नव्हत्या, बिचाऱ्या ओरडत होत्या.

वहिनी


२३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघूनच खाली बसले. आत काय लिहिलंय ते नंतर वाचलं. अक्षर तुझं होतं, एवढं त्या वेळी पुरलं.

पोरींना कळलं, बाई रडल्या. त्यांना वाटलं घरचं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, आहे. त्यांना काही उमजलं नाही.

नवीन गीझर घेताना एक ऐक. तुला एकटीला लहानच पुरे. दुकानदार मोठा गळ्यात मारतील, ऐकू नकोस. मोठी टाकी म्हणजे सगळं पाणी तापवायचं, वापरायचं एक बादली आणि उरलेलं गार होऊ द्यायचं. भिंतही बघून घे. आमच्याकडे एक टाकी फरशीसकट खाली आली होती.

माझं सांगायचं तर, मार्च संपला की ही खोली सोडायची. या खोलीत माझं आयुष्य गेलं, आणि सामान बघितलं तर दोन बॅगांत मावेल. संस्थेने निवृत्त बायकांसाठी गावाबाहेर एक घर बांधलंय. प्रत्येकीला एक खोली, जेवणघर एकत्र. जाऊन बघून आले. स्वच्छ आहे. जेवायला बसलेल्या सगळ्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. अर्ज वर्षअखेरीपर्यंत द्यायचा आहे. अजून ठरवलेलं नाही. तुला काय वाटतं?

बेबी


९ डिसेंबर

प्रिय बेबी,

गीझर बसला. सविस्तर लिहिते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

गीझरवाला सकाळीच आला. आधी जुन्यातलं पाणी काढलं. चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यात गंजाचे पापुद्रे. एवढी वर्षं आपण त्यात न्हालो, असं मनात आलं. मग टाकी खाली उतरवायची वेळ आली. त्याला वाटलं होतं हलकी असेल, पण आत क्षार साचून दगड झाला होता. एकट्याला पेलेना. "बाई, खालून नुसता हात लावा," म्हणाला. मी लावला. तुझ्या दादाने ती टाकी वर चढवली तेव्हाही खालून मीच हात लावला होता. तेव्हा ते ओरडत होते, धर, धर, आणि मी हसत होते. परवा कुणी ओरडलं नाही. टाकी गुपचूप खाली आली.

भिंतीवर तिच्या मागचा चौकोन पांढराशुभ्र निघाला. बाकी भिंत किती काळवंडली आहे हे तेव्हा कळलं. त्याने भिंत ठोकून बघितली, एका ठिकाणी पोकळ वाजली, म्हणून जागा थोडी सरकवली. नवीन बोल्ट, नवीन पाइप, नवीन वायर थेट बोर्डापर्यंत. अर्थिंगची तार मला दाखवून जोडली. वर एक झडप आहे, आत वाफेचा जोर वाढला तर ती आपोआप उघडते. पाणी भरून, नळाला धार आल्यावरच बटण दाबायचं, असं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

तू म्हणालीस लहान घे. मी मोठा घेतला. जाताना तो म्हणाला, "आता दोघांनी लागोपाठ आंघोळ केली तरी पाणी कमी पडायचं नाही." छानच आहे.

तो रंगाऱ्याला ओळखत होता, म्हणून त्या काळवंडलेल्या भिंतीबरोबर मागची खोलीही रंगवून घेतली. पलंग हलवून खिडकीशी लावला. सकाळी तिथे ऊन येतं.

तुझ्या त्या घराबद्दल मी काय सांगणार? तू शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली. तुला सोयीचं असेल ते कर. फक्त घाई करू नकोस.

वहिनी


१६ डिसेंबर

प्रिय वहिनी,

काम नीट झालं हे वाचून जिवाला बरं वाटलं.

दोघांना पुरेल एवढा गीझर, मागची खोली रंगवली, पलंग उन्हात. म्हणजे तुझ्या ताईचं यायचं ठरलं तर. तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण न कळण्याइतकी मी लहान नाही. मागच्या वर्षीच त्या म्हणत होत्या, सुनेशी पटत नाही. बरं झालं. सख्खी बहीण जवळ असलेली बरी. शेवटी रक्ताचं ते रक्ताचं. त्यांना माझा नमस्कार सांग.

माझीही आता काळजी करू नकोस. काल संस्थेच्या घराचा अर्ज सही करून दिला. खोली कोपऱ्यातली मिळेल, दुसऱ्या मजल्यावर. मला जिन्याचा त्रास नाही. शेजारच्या खोलीत ग्रंथालयातल्या बाई आहेत, त्यांना दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा आमची भांडणं होणार नाहीत.

थंडीत जप. सपाता घालत जा.

बेबी


२१ डिसेंबर

बेबी,

तुझं पत्र वाचून मी बेकरीपर्यंत गेले आणि पाव न घेताच परत आले. मग पुन्हा वाचलं.

ताई येणार नाही. तिने कधी विचारलं नाही आणि मीही नाही. आम्ही दोघी एका घरात आठवडाभर राहिलो तर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल. तुला हे ठाऊक आहे.

आता झालेलं सांगते. गीझरवाल्याशी मी दोनदा खोटं बोलले. पहिल्या दिवशी, टेस्टर खिशात ठेवल्यावर, त्याने कागदावर माप लिहायला घेतलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?" साधा प्रश्न. तो सगळ्यांना विचारत असेल. एक म्हणायचं होतं. तोंडातून एक निघेना. मी म्हटलं, "दोन." त्याने लिहून घेतलं. पुढे तोच म्हणाला, "साहेब कामावर का?" मी म्हटलं, "नाही, नणंद आहे. बाहेरगावी गेलीये, येईल." इतकं सहज बोलले की मलाच नवल वाटलं. तो गेल्यावर मात्र मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे ट्रंका, रद्दी आणि ह्यांची मोडकी खुर्ची. नणंद येईल म्हणे, आणि झोपेल कुठे?

म्हणून रंग, म्हणून पलंग. मला वाटलं, मी एवढं लिहिलं की तू ओळखशील. तू ओळखलंस, पण भलतंच.

सरळ का नाही लिहिलं, तर भीती वाटली. तू तिकडे बाई आहेस. तुझ्या शब्दावर शंभर पोरी उठतात-बसतात. इकडे दोन खोल्या, एक म्हातारी आणि तिची रडगाणी. दादा असताना तू सुट्टीत यायचीस. ते गेल्यावर एकदाच आलीस, तीही पाहुण्यासारखी, चादर घडी घालून ठेवून गेलीस. मला वाटलं, नातं त्यांच्याबरोबर गेलं. दीर-नणंदा नवऱ्यामुळे असतात, असं आपली माणसं म्हणतातच.

दुसरं खोटं तुझ्या दादासाठी बोलले. गीझरची अर्थिंगची तार कुणीतरी कापून, चिकटपट्टीने गुंडाळून, मागे सारून ठेवली होती. ती तार असती तर फ्यूज उडाला असता आणि नळात करंट आलाच नसता. "हे कुणी केलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आधीच्या भाडेकरूने असेल." पण ती पट्टी मी ओळखली. निळी, ह्यांच्या सायकलच्या हँडलची. मला राग आला. मग ज्याच्यावर यायचा तो माणूसच नाही म्हणून तसाच परत गेला. तुला लिहिणार नव्हते. तुझा दादा तुझ्या लेखी कधी चुकला नाही, म्हणून.

आता सगळं लिहिलं. अर्जाचं काय होतं ते मला कळत नाही. परत घेता येत नसेल तर राहू दे. पण विचारलं नव्हतं असं नको, म्हणून विचारते. येतेस का?

वहिनी


२ जानेवारी

प्रिय वहिनी,

अर्ज परत घेता येतो. विचारून आले. ऑफिसातला कारकून कागदावर लिहून म्हणाला, "बाई, कोपऱ्यातली खोली पुन्हा मिळणार नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार करण्यासारखं काय आहे, असं तू म्हणशील. आहे. तू खरं लिहिलंस, मीही लिहिते.

आधी दादाचं. तो कधी चुकला नाही असं तुला कुणी सांगितलं? माझ्या पहिल्या सायकलचा ब्रेक त्यानेच दुरुस्त केला होता, आणि मी सरळ चुन्याच्या ढिगात जाऊन पडले होते. आईला सांगायचं नाही म्हणून मला पेन घेऊन दिलं. त्याचं कौतुक मी करायचे ते तुझ्यासमोर. तुला बरं वाटावं म्हणून. आणि तू माझ्यासाठी त्याला जपत होतीस. शहाण्या आहोत आपण दोघी.

चादरीचं म्हणशील तर ती मी घडी घातली कारण तुला वाकायला त्रास होतो. तू 'राहा' म्हणाली नाहीस. मी वाट बघत होते. बॅग भरायलाही मी उगाच वेळ लावला.

आता भीतीचं. तू आंघोळीला गेलीस, पाय सरकला, पडलीस. हाक मारलीस. मी दाराबाहेर बसून भाजी निवडत असेन, तुझ्यापासून चार हातांवर, आणि निवडतच राहीन. मला ऐकू येणार नाही, वहिनी. मागच्या महिन्यात एक पोरगी जिन्यावरून पडली, सगळं वसतिगृह धावलं, आणि मी तिथेच पाठमोरी उभी राहून चाव्या मोजत होते. तुला सोबत हवी आहे. मी तसली सोबत नाही. तुला वाटेल घरात कुणीतरी आहे, आणि असेल एक लाकूड.

म्हणून विचार करते आहे.

बेबी


८ जानेवारी

बेबी,

तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिते.

आज मी पडले तर हाक ऐकायला घरात कुणी नाही. हाक मारावी की नाही, हाच प्रश्न पडेल. तू असशील तर तुला ऐकू येणार नाही, कबूल. पण भाजी निवडून होईल. मग तू म्हणशील, ही बया अजून कशी आली नाही, आणि शोधायला येशील. उशिरा येशील, शिव्या देत येशील, पण येशील. गेल्या दोन वर्षांत मी कुठे आहे हे कुणी शोधलेलं नाही.

आणि तू पडलीस तर मला ऐकू येतं. माझे कान शाबूत आहेत. एवढं आपल्या दोघींना पुरे.

मी पाटी-पेन्सिल आणलीय. बोलायचं ते लिहून दाखवीन. नाही तरी आपण लिहूनच बोलतो. फक्त उत्तराला पाच दिवस लागणार नाहीत.

कारकुनाला सांग, खोली नको.

वहिनी


२७ मार्च

प्रिय वहिनी,

काल पोरींनी निरोप दिला. भाषणं झाली. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि मी मान डोलावत होते. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण शेवटी त्या रांगेने येऊन माझा हात हातात घेत होत्या, ते कळलं. नंतर रिकाम्या खोलीत बसले. भिंतीवर माझं असं काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत एक खिळासुद्धा मी मारला नव्हता.

रविवारी दुपारच्या गाडीने निघते, सोमवारी सकाळी पोचेन. गाडीतली घोषणा मला कळणार नाही, म्हणून शेजारी बसेल त्याला स्टेशनचं नाव लिहून देणार आहे. दोन बॅगा आहेत, हमाल करू, तू उचलायला धावू नकोस.

तू फलाटावर ये. गर्दी असेल, मी उतरून गोंधळलेली असेन, भलतीकडेच बघत असेन. मला हाक मारू नकोस. सरळ माझ्या समोर येऊन उभी राहा.

बेबी